नाव कोणत्या कार्डात आहे?

सरकारला एखाद्याला नोकरी द्यायची नसली की ते त्याच्या पदाला गोड नाव देतं. माझ्या पदाच्या नावात 'मित्र' होता. राज्य सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेचा मित्र. भंडाऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात, औषधाच्या दुकानाला लागून, प्लायवूडची एक खिडकी होती. तिच्यात मी बारा वर्षं बसलो. अंगात योजनेचा अॅप्रन, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर पुढाऱ्यांचे फोटो असलेला बोर्ड. बारा वर्षांत बोर्डावरचे फोटो कितीदा तरी बदलले. खिळे मात्र तेच राहिले, आणि खाली बसलेला मीही.

मी सरकारचा नोकर नव्हतो आणि दवाखान्याचाही नव्हतो. सरकारने योजना चालवायला एका कंपनीला दिली, त्या कंपनीने माणसं पुरवायचं काम दुसरीला दिलं, आणि त्या दुसरीने मला दर अकरा महिन्यांनी नवं नेमणूकपत्र दिलं. लोकांना यातलं काय माहीत? कारध्याहून नदीवरचा पूल ओलांडून मी सकाळी दवाखान्यात पोचायचो तेव्हा खिडकीपुढे माणसं उभी असायची आणि मला बघून म्हणायची, "आलं, सरकार आलं."

काम सांगतो. रुग्णाकडे राशनकार्ड आणि ओळखपत्र मागायचं. त्याचा आजार योजनेच्या यादीत आहे का ते पाहायचं. कागद कॉम्प्युटरवर चढवायचे आणि वरून मंजुरी येण्याची वाट पाहायची. मंजुरी आली की दवाखाना मोफत उपचार करणार आणि सरकार पुढे कधीतरी दवाखान्याला पैसे देणार. एवढंच. हे काम दहावी पास माणसालाही जमेल, आणि ते जमू नये याची व्यवस्था वरच्या हुशार माणसांनी फार मन लावून केलेली होती. आरोग्य हा राज्याचा विषय आहे, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. म्हणजे काय ते मला खिडकीत कळलं. कोणता आजार यादीत घ्यायचा, कोणत्या रंगाच्या कार्डाला गरीब म्हणायचं आणि कोणतं ऑपरेशन कोणत्या भिंतीच्या आत करायचं, हे सारं राज्य ठरवतं. आजाराने त्याप्रमाणे वागायचं.

काही ऑपरेशनं योजनेत होती, पण ती फक्त सरकारी दवाखान्यातच करायची, खासगीत नाही, असा नियम होता. लाखांदूरकडचे एक म्हातारे हर्नियासाठी एसटीने माझ्याकडे आले. मी सांगितलं, बाबा, हे सरकारीत होईल. ते गेले. पंधरा दिवसांनी परत आले.

"काहून बाबा?" मी विचारलं.

"तेथी ऑपरेशनवाला डाक्टरच नाई. जागा खाली हाय मन्तेत. तुयाकडे डाक्टर हाय तं नियम नाई. मंग असं कर मित्रा, माया आंतडीलेच सांगून देतो. तू सरकारी हायेस बाई, जागा भरेपर्यंत बाहेर नको येऊ."

रांगेतली माणसं हसली, मीही हसलो. ते पोटावर हात दाबून धरत एसटी स्टँडकडे गेले. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही. खिडकीत बसणाऱ्याला सगळ्या गोष्टी अर्ध्याच कळतात.

दुसरी एक बाई, स्टोव्हने भाजलेली. रुग्णाचा खाटेवरचा फोटो चढवावा लागतो. मी चढवला. वरून शंका आली, 'चेहरा ओळखपत्राशी जुळत नाही.' मी दुसरा फोटो पाठवला. पुन्हा तीच शंका. चेहरा जुळला असता तर ती दवाखान्यात कशाला आली असती, असं लिहायला बोटं शिवशिवत होती. पण मी तसं लिहिलं नाही. पोलीस पाटलाचा दाखला आणला, सरपंचांची सही आणली, डॉक्टरांचं पत्र जोडलं आणि मंजुरी मिळवली. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. अशा खुशीवरच मी बारा वर्षं काढली, हेही कबूल करतो. नियमाच्या भिंतीत फट कुठे आहे ते मला ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं जे सांगणार आहे त्याला अज्ञानाची सबब नाही.

बपेरा हे आमच्या जिल्ह्याच्या टोकाचं गाव. नदी ओलांडली की मध्य प्रदेश. लोक नदीला सरहद्द मानत नाहीत. पोरी तिकडून इकडे येतात, इकडून तिकडे जातात. धानाच्या रोवणीला मजूर तिकडचे, बाजाराला माणसं इकडची. सरकारं मात्र दोन. तिकडच्या राज्याचं कार्ड इकडे चालत नाही. केंद्राच्या यादीत घराचं नाव असेल तर दोन्हीकडे चालतं, पण त्या यादीत नाव कसं येतं आणि कसं येत नाही हे मी बारा वर्षांत कोणाला समजावू शकलो नाही, कारण मलाच ते समजलं नाही.

त्या भागात एक रीत आहे. पोरीचं लग्न झालं तरी पहिलं लेकरू होईपर्यंत माहेरच्या कार्डातून तिचं नाव कापत नाहीत. लेकराच्या आधी नाव कापलं तर पोरीचं माहेर तुटतं, असं आया मानतात. लेकरू झालं की पोरीचा बाप वाजतगाजत जाऊन नाव कापून आणतो. इकडच्या पुरवठा खात्याला तिकडचा नाव कमी केल्याचा दाखला लागतो, तो आल्याशिवाय सुनेचं नाव सासरच्या कार्डात चढत नाही. म्हणजे लग्नापासून लेकरापर्यंत त्या पोरी दोन राज्यांच्या मधोमध उभ्या असतात. हे मला पक्कं माहीत होतं. मी त्यावर विनोदही करायचो.

ममता अशीच एक सून. बपेऱ्याच्या दिलीपची बायको. लग्नाला दीड वर्ष झालेलं. रोवणीच्या दिवसांत भर दुपारी धानाच्या बांधीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ठेवलेली रोपांची, पऱ्ह्याची पेंढी उचलताना तिला नाग चावला. वाटेतल्या एका सरकारी दवाखान्यात लस मिळाली. श्वास देणारी मशीनही तिथे होती, पण मशीन चालवणाऱ्याची जागा रिकामी. मशीन घेतल्याची बातमी पेपरात फोटोसकट आली होती, जागा भरल्याची बातमी यायची होती. ममताला गाडीत घालून आमच्याकडे आणलं. पापण्या मिटत चाललेल्या, आवाज नाकातून येणारा. सोबतचा माणूस रबरी पिशवी दाबून तिला श्वास देत होता. तिला दोन-तीन दिवस मशीनवर ठेवायला हवं होतं. नागाच्या विषाने श्वास थांबतो, पण तेवढा काळ माणसाला तगवलं तर बहुतेक वेळा तो उठून घरी जातो. हेही मला माहीत होतं. आमच्याकडे मशीन होती आणि चालवणाराही होता.

दिलीप खिडकीत आला. चिखलाने भरलेला, अनवाणी. त्याने कार्ड पुढे केलं.

मी विचारलं, "नाव कोणत्या कार्डात आहे?"

"तिच्या माहेरच्या. तिची माय कापू नाई देत ना. पन ते मायी बायको होय साहेब, अख्ख्या गावाले विचारा."

"गावाला विचारून चालत नाही भाऊ."

आता फट सांगतो. योजनेत जिवावरच्या प्रसंगासाठी फोनची सोय होती. मी मुख्य कार्यालयाला फोन करायचा, रुग्णाची माहिती सांगायची. ते एक तात्पुरता नंबर देतात, त्यावर उपचार लगेच सुरू होतात आणि कागद तीन दिवसांत आणून द्यायचे असतात. फोन माझ्या उजव्या हाताशी होता. पण दोन महिन्यांपूर्वी मी अशाच एका अपघाताच्या रुग्णासाठी फोन केला होता. त्याचे कागद शेवटपर्यंत आले नाहीत. दवाखान्याचे पैसे बुडाले. कंपनीने मला कारणे दाखवा म्हणून पत्र दिलं, आणि पुन्हा असं घडलं तर अकरा महिन्यांचं पुढचं पत्र मिळणार नाही असं तोंडी सांगितलं. ममताचे कागद तीन दिवसांत येणार नाहीत हे उघड होतं. दोन राज्यांची दोन कार्यालयं तीन दिवसांत हलली असती तर या देशाला माझी गरजच नव्हती.

दवाखान्यातले तरुण डॉक्टर आतून धावत आले. त्यांनी विचारलं, "मित्र, फोनवर नंबर मिळेल का?"

मी म्हणालो, "नाही मिळणार. नाव कार्डात नाही."

हे खोटं होतं. नंबर मिळाला असता. कागद नंतर आले नसते, पण नंबर मिळाला असता आणि मशीन सुरू झाली असती. त्या वेळी मला कोणीही अडवलेलं नव्हतं. दवाखान्याचे मॅनेजर त्या दिवशी रजेवर होते. सरकार मुंबईत होतं. खिडकीत मी एकटा होतो, आणि सरकार जे करतं तेच मी केलं.

डॉक्टर म्हणाले, "मग पैसे भरल्याशिवाय इथे मशीन लागणार नाही. वेळ घालवू नका. नागपूरला सरकारीत न्या." गाडी निघाली. नागपूरच्या वाटेवर, मौद्याच्या पुढे ममता गेली.

सात-आठ महिन्यांनी दिलीप पुन्हा खिडकीत आला. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. या वेळी त्याने सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून आणले होते. त्यात एक कागद तिकडच्या राज्याचा होता, ममताचं नाव कमी केल्याचा दाखला, मृत्यूमुळे. सरकारी शिक्का अगदी ठळक. आयुष्यभर न हललेलं नाव मेल्यावर बरोबर हललं होतं.

"पाहा साहेब," दिलीप म्हणाला, "आता आला हा कागद. माया सासूनं मारली मायी बायको. तिले मी तेरवीले बी दारात नाई येऊ देलं. नाव कापलं असतं तं जगली असती का नाई? तुमीच सांगा."

मी मान डोलावली.

फोन न करणं भीतीपोटी झालं, असं मी स्वतःला सांगू शकतो. मान डोलावण्याला कोणती भीती होती? समोरचा माणूस दोष दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवत होता, आणि मी तो हात लावून नीट बसवून दिला. त्याच्या वडिलांचे कागद मी दहा मिनिटांत चढवले. एकही शंका आली नाही.

मग सरकारने योजना सगळ्यांसाठी खुली केली. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड चालेल. मोठा कार्यक्रम झाला. मांडव, हार, भाषणं. 'आता राज्यात कोणीही उपचाराविना राहणार नाही,' हे वाक्य तीन वक्त्यांनी तीनदा म्हटलं आणि आम्ही तीनदा टाळ्या वाजवल्या. कार्डाचा रंग विचारायचा नव्हता. नाव मात्र कार्डात लागत होतंच, किंवा रहिवासाचा दाखला. लग्नाला दीड वर्ष झालेल्या सुनेकडे तो असतो, असं मांडवातल्या कोणाला वाटत असावं. त्याच कार्यक्रमात मला प्रशस्तिपत्र मिळालं. उत्कृष्ट काम. का? तर माझ्या खिडकीतून गेलेल्या कागदांत चूक निघत नाही. बरोबरच होतं. ज्यांच्या कागदांत चूक निघेल अशी माणसं मी खिडकीतूनच परत पाठवत होतो. पत्र देणाऱ्या साहेबांनी माझा हात हातात घेऊन कॅमेऱ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की आम्हा दोघांत फरक काहीच नाही.

त्यानंतरचं अकरा महिन्यांचं पत्र मी घेतलं नाही. यात शौर्य नाही. बायको शिक्षिका आहे, घर चालत होतं. ज्या दिवशी शौर्य लागत होतं त्या दिवशी ते नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी नदी ओलांडून ममताच्या माहेरी गेलो. तिची आई फुलनबाई अंगणात तूर झोडपत होती. मी कोण ते सांगितलं. तिने बाज पुढे केली, पाणी दिलं. मी पाण्याला हात न लावता सगळं सांगितलं. फोनची सोय होती, मला माहीत होती, मी डॉक्टरांना खोटं बोललो, आणि नंतर तिच्या जावयापुढे मान डोलावली.

तिने विचारलं, "फोन जवळच होता?"

"हो."

"बिघडला नोता?"

"नाही."

"आन् नाव कापलं नसतं तरी चाललं असतं?"

"तीन दिवस चाललं असतं. तेवढ्यात ती उठली असती."

तिने तुरीची काठी बाजूला ठेवली. मला वाटलं ती रडेल किंवा मला शिव्या घालेल. मी दोन्हींची तयारी करून आलो होतो. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. शिव्या खाऊन माणूस हलका होऊन घरी येतो. फुलनबाईने पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"बपेऱ्याले. मले सांगून काय होते? मले तं माहीत होतं मी पोरीले मारलं नाई. नाई, माहीत नोतं. दोन वर्सं माहीत नोतं. ज्याले सांगाचं हाय त्याले सांगा."

पुलावरून ती माझ्यापुढे चालली. तेरवीपासून ती या पुलावर आली नव्हती, हे तिनेच सांगितलं. मागे वळून एकदा म्हणाली, "पायजो हं सायेब, तेथी जाऊन मान नोको हालवू. तोंडानं सांगजो."

दिलीप घरीच होता. सासूला पाहून तो दाराच्या चौकटीत आडवा उभा राहिला. शेजारचे दोघे-तिघे जमले, एक म्हातारी आणि तिची कोवळी सून. मी ओट्याखाली उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. ते गेलं नाही. दिलीप ऐकत राहिला. त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला.

"त्या दिवशी मी तुमाले विचारलं होतं," तो म्हणाला. "तुमी मान हालवली होती."

"हो."

"मी या बाईले दोन वर्सं…" एवढं बोलून तो थांबला. मला वाटलं, तो मला मारायला पायरी उतरेल. पण तो चौकटीतून बाजूला सरकला, एवढंच झालं. फुलनबाई आत गेली नाही. ओट्यावर बसली. दिलीपने तिच्यासमोर पाण्याचा गडवा ठेवला आणि तिच्याकडे न पाहता उभा राहिला.

मी निघायला वळलो, तेवढ्यात शेजारची म्हातारी पुढे आली. माझ्या कबुलीतलं तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. "तुमी तेच का, कार्डवाले साहेब? मायी हे सून पलीकडची होय. सातवा लागला तिले. नाव तिकडेच हाय. मले एक अर्ज लिहून द्या ना बापा, तुमाले येते ते."

मी खिशातला पेन काढला. हात सवयीने हलला आणि तोंडही. मी त्या सुनेला विचारलं, "बाई, नाव कोणत्या…"

"सायेब," फुलनबाई ओट्यावरून म्हणाली, "ते नावगाव मंग करजा. पहले तिले त्या फोनचा नंबर सांगा."

त्या नंबरवर रुग्णाच्या घरच्यांनाही फोन करता येतो, हे मी खिडकीतून कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सून घरातून कोळसा घेऊन आली. मी त्यांच्या दाराशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा, तो नंबर लिहायला लागलो. फुलनबाईला वाचता येत नव्हतं. तरी ती उठून जवळ आली आणि एकेक आकडा पूर्ण होईपर्यंत माझ्या हाताकडे पाहत उभी राहिली.